वेबसाइटवरचा ब्लॉग चालू ठेवायचाय? आधी हे वाचा (आमच्या ग्राहकांसाठी)

नमस्कार मंडळी,

वेबसाइट सुरू झाली की ब्लॉगवर बहुतेकांच्या तीन पोस्ट पडतात, गणपतीच्या शुभेच्छा, दसऱ्याच्या शुभेच्छा, दिवाळीच्या शुभेच्छा, आणि मग थेट पुढच्या गणपतीपर्यंत सामसूम. शुभेच्छा व्हॉट्सॲप स्टेटसला टाका, तिथे त्या शोभतात. ब्लॉगवर त्या शोधत कोणी येत नाही.

"पण आम्हाला लिहिता येत नाही हो" हे आम्ही रोज ऐकतो. लिहिता यायची गरजच नाहीये, कारण काय लिहायचं ते तुमची गिऱ्हाइकं फोनवर सांगतच असतात. गल्ल्याजवळ एक वही ठेवा आणि जो प्रश्न तिसऱ्यांदा आला तो त्यात टिपा, तीच तुमची पुढची पोस्ट.

आंबेवाल्यांचंच बघा. एप्रिल-मेमध्ये पुण्या-मुंबईहून फोन येतात ते साधारण सारखेच, पेटी आली पण आंबे हिरवे आहेत आता काय करू, फ्रीजमध्ये ठेवू का, पाच डझनाच्या पेटीत फळ मोठं की सहा डझनाच्या, आणि सगळ्यात नाजूक म्हणजे कापल्यावर आत साका (गरातला पांढरट, स्पंजासारखा भाग) निघाला, आम्हाला खराब माल पाठवला का. ह्या चार प्रश्नांच्या चार पोस्ट होतात. पहिलीत लिहा की पेटी आल्याआल्या उघडा, आंबे पेंढ्यात नाहीतर कागदावर एकेरी थरात मोकळे मांडा, कच्चा आंबा फ्रीजमध्ये घालू नका, वास सुटला, रंग वळला आणि साल किंचित मऊ लागली की खायला घ्या. साक्याचं तर मोकळेपणाने लिहाच, की तो बाहेरून दिसत नाही, आंबा कितीही पारखून भरला तरी एखाद्यात निघतो, आणि निघाला तर आपण बदलून देतो की पैसे वळते करतो ते स्पष्ट सांगा. दरवेळी फोनवर तोंडाला फेस येईपर्यंत समजावण्यापेक्षा लिंक पाठवली की काम झालं. आणि ज्याने अजून ऑर्डर दिलेली नाही तो हे वाचून म्हणतो, माणूस लपवाछपवी करत नाही.

होमस्टेवाल्यांसाठी तर एकच पोस्ट सोन्यासारखी आहे, ती म्हणजे आमच्याकडे यायचं कसं. चिपळूण स्टेशनला उतरलात तर पुढे गुहागरची एसटी कुठून, रिक्षावाला साधारण किती घेतो, रात्री उशिरा गाडी आली तर काय. जूनमध्ये कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की ही पोस्ट उघडून वेळा बदला. नवीन पोस्ट लिहू नका, जुनीच दुरुस्त करा. हे सगळ्यांनाच लागू आहे, "आंब्याचे दर" हे पान एकच ठेवायचं आणि दरवर्षी त्यात आकडे बदलायचे, पानाच्या पत्त्यात (लिंकमध्ये) वर्ष घालायचं नाही. जुन्या पानाला गुगलमध्ये जी जागा मिळालेली असते ती नवीन पानाला पुन्हा शून्यापासून मिळवावी लागते.

किती वेळा लिहायचं? महिन्याला एक पोस्ट पुष्कळ झाली. मात्र सीझनच्या आधी लिहा. हापूसची पोस्ट मेमध्ये टाकून उपयोग नाही, गुगलला पान सापडून वर यायला वेळ लागतो, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत टाका. दिवाळी फराळाची श्रावणातच.

टायपिंगचा कंटाळा येत असेल तर मोबाइलच्या जीबोर्डमध्ये (गुगलच्या कीबोर्डमध्ये) मराठी भाषा चालू करा आणि माइक दाबून सरळ बोला, गिऱ्हाइकाशी बोलता तसंच. पूर्णविराम, स्वल्पविराम नंतर घालून घ्या. एक काम मात्र करू नका, डीटीपीवाल्याकडच्या जुन्या माहितीपत्रकातला श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला मजकूर उचलून तसाच पेस्ट करू नका. तो त्याच्या कॉम्प्युटरवर मराठी दिसतो कारण तिथे तो फॉन्ट आहे, वेबसाइटवर त्याची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी होते. वेबला युनिकोडच (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी नीट दिसणारी पद्धत) लागतं. अशी फाइल असेल तर आम्हाला पाठवा, आम्ही बदलून देतो.

दुसरी तशीच भानगड पोस्टच्या पत्त्याची. शीर्षक मराठीत दिलं की वर्डप्रेस (साइट ज्यावर चालते ते सॉफ्टवेअर) पत्ताही मराठीत करतो, आणि तीच लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकली की टक्क्याच्या चिन्हांची चार ओळींची माळ होते, बघून माणसाला वाटतं व्हायरस आहे. म्हणून प्रकाशित करायच्या आधी उजवीकडच्या पट्टीत पत्ता इंग्रजी अक्षरांत छोटा करून घ्या. शीर्षक मराठीच राहू दे. आणि लिहिताना एकदा हापूस, एकदा अल्फान्सो असे दोन्ही शब्द येऊ द्या, दोन्ही शोधणारे लोक आहेत.

फोटो तुमचेच वापरा. गुगलवरून उचललेला फोटो कोणाचा तरी असतो, कॉपीराइटची नोटीस आली की मग पळापळ. तसंही गुगलवरच्या चकचकीत आंब्यापेक्षा तुमच्या पडवीत मांडलेल्या आंब्यावर लोक जास्त विश्वास ठेवतात. मोबाइलचा फोटो तीन-चार एमबीचा असतो, तो रुंदीला १२०० पिक्सेलपर्यंत कमी करूनच चढवा, नाहीतर गावाकडच्या नेटवर पान उघडता उघडत नाही.

आता जरा गंभीर. जांभूळ पावडरने डायबेटिस बरा होतो, कोकम आगळाने ॲसिडिटी कायमची जाते, असलं काही लिहू नका. बाकीचे लिहितात म्हणून आपण लिहायचं नसतं. डायबेटिस बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे, आणि खाण्याच्या वस्तूंवरच्या दाव्यांना एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) २०१८ चे नियम आहेत. चव लिहा, पद्धत लिहा, कोणत्या गावची जांभळं ते लिहा. एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना नंबर साइटवर दिसू दे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालंय, त्याचे नोंदणीकृत वापरकर्ते असाल तर सर्टिफिकेटचा फोटो जरूर लावा, नसाल तर जीआयचा शिक्का वापरू नका.

चॅटजीपीटीकडून लिहून घेऊ का, हे हल्ली सगळेच विचारतात. शुद्धलेखन तपासायला, शीर्षक सुचवायला खुशाल घ्या. पण "आंब्याचे दहा फायदे" छापाच्या पन्नास पोस्ट एका दिवसात पाडल्या तर गुगल त्याला मार्च २०२४ पासून सरळ स्पॅममध्ये धरतं, आणि तुमचा साका, तुमची एसटी चॅटजीपीटीला थोडीच माहितीये.

राहिली देखभाल. डोमेन (म्हणजे वेबसाइटचं डॉट कॉमवालं नाव) तुमच्या स्वतःच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर आहे ना, हे आजच बघा. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांचं डोमेन आधीच्या वेबसाइटवाल्याच्या ईमेलवर असतं आणि तो फोन उचलत नसतो. आम्ही नोंदवलेली सगळी डोमेन ग्राहकाच्याच नावावर आहेत, उद्या आम्हाला सोडून गेलात तरी नाव तुमचंच. रिन्यूअलचा मेल आला की दुर्लक्ष करू नका (पण तसाच दिसणारा, पैसे मागणारा अनोळखी मेल आला तर पैसे भरायच्या आधी आम्हाला दाखवा, फसवे फार येतात). डॉट कॉमची मुदत संपली की बहुतेक ठिकाणी काही दिवस नेहमीच्या दरात रिन्यू होतं, त्यानंतरच्या ३० दिवसांत सोडवायला जबर जादा फी, आणि त्यानंतर नाव कोणीही घेऊ शकतं.

वर्डप्रेस आणि प्लगिनची (वर्डप्रेसला जोडलेल्या जादा सोयींची) अपडेट महिन्यातून एकदा करा, आधी बॅकअप घेऊन. जे प्लगिन वापरत नाही ते नुसतं बंद करू नका, काढूनच टाका. साइट हॅक होते ती बहुतेक वेळा अशाच जुन्या प्लगिनमधून, आणि मग गुगलवर तुमच्या लोणच्याच्या दुकानाच्या नावाखाली जपानी अक्षरांत ब्रँडेड बॅगांच्या जाहिराती दिसायला लागतात. पासवर्डमध्ये दुकानाचं नाव आणि १२३ नको. दुकानातल्या पोऱ्याला पोस्ट टाकायची असेल तर त्याचं वेगळं लॉगिन करून घ्या, ॲडमिनचा पासवर्ड द्यायचा नाही. कमेंट बंद ठेवल्या तरी काही बिघडत नाही, तुमची गिऱ्हाइकं तशीही व्हॉट्सॲपवरच विचारणार.

गुगल सर्च कन्सोल फुकट आहे, आम्ही ते जोडून दिलेलं आहे. लोक काय शोधून तुमच्याकडे आले ते त्यात दिसतं. बघता येत नसेल तर एकदा ऑफिसला चक्कर टाका, अर्ध्या तासात शिकवून देतो, त्याचे पैसे नाहीत. येताना मोबाइल चार्ज करून आणा, ईमेलचा पासवर्ड माहीत असू दे, आणि ती प्रश्नांची वहीही घेऊन या, पहिली पोस्ट इथेच बसून टाकू.