जुनं रिव्हॉल्वर दगा देत नाही?

"पूर्वीची रिव्हॉल्वरं हाताने घासूनपुसून बसवलेली, आताच्या मालात तो दम नाही." शस्त्रांच्या गप्पांत हे हमखास ऐकू येतं. पॉलिश आणि फिनिशपुरतं ठीक आहे. भरवशाचं मात्र वेगळं.

१८७३ चं कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी बघा. हॅमर, म्हणजे टोला मारून गोळी उडवणारा घोडा, पूर्ण खाली असला की त्याची पिन थेट काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागावर टेकते. हॅमरवर टोला बसला की गोळी सुटू शकते. हॅमरला टोपीपासून दूर धरणारी सेफ्टीची खाच आहे, पण इतकी नाजूक की जोराच्या धक्क्याने तुटते. म्हणून जाणकार सिलिंडरच्या सहा खणांत पाचच काडतुसं भरायचे आणि हॅमर रिकाम्या खणावर ठेवायचे. शिवाय सुरुवातीची सिलिंडरं काळ्या दारूच्या हिशेबाने केलेली. धूररहित दारूच्या जास्त दाबासाठी नव्हेत.

बरं, ही फक्त काउबॉयच्या काळातली गोष्ट नाही. १९४४ मध्ये अमेरिकी नौदलाच्या जहाजावर स्मिथ अँड वेसनचं 'व्हिक्टरी' रिव्हॉल्वर डेकवर पडलं, गोळी सुटली, एक खलाशी गेला. आत हॅमरला अडसर होता, तरीही! कंपनीने लगोलग हॅमर अडवणारी नवी सरकती पट्टी बसवली.

आणि आज टिकलेली जुनी शस्त्रं बहुतेक कपाटात जपलेली असतात. बिघडलेली कधीच भंगारात गेली, त्यांचं कौतुक कोण करणार?

रुगर या अमेरिकी कंपनीने १९७३ मध्ये आपल्या सिंगल ॲक्शन (हॅमर हाताने मागे ओढायच्या) रिव्हॉल्वरांत ट्रान्सफर बार, म्हणजे टोला पोचवणारी पट्टी आणली: चाप पूर्ण ओढल्याशिवाय हॅमरचा टोला पिनपर्यंत पोचतच नाही. त्याआधीच्या स्वतःच्या रिव्हॉल्वरांतही ही सुधारणा ती कंपनी फुकट करून देते.