'इट्स अ वंडरफुल लाइफ' : न भरलेला अर्ज आणि घराघरांत पोचलेला नाताळ

'इट्स अ वंडरफुल लाइफ'ची कथा बहुतेकांना ठाऊक आहे, त्यामुळे ती इथे सांगत नाही. कमी लोकांना ठाऊक असतं ते हे, की १९४६ च्या या कृष्णधवल हॉलिवूडपटाला नाताळचा चित्रपट केलं ते चित्रपटगृहांनी नव्हे. प्रेक्षकांना तो सापडला आधी घरातल्या टीव्हीवर आणि मग व्हिडिओ कॅसेटवर. सापडला तोही पहिल्या खेळानंतर जवळपास तीस वर्षांनी, आणि मुख्यतः कायद्याच्या एका तरतुदीकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही म्हणून.

मूळ प्रदर्शनाबद्दल थोडक्यात. पहिला खेळ २० डिसेंबर १९४६ रोजी न्यू यॉर्कला झाला. त्या वर्षीच्या ऑस्करसाठी पात्र ठरावा म्हणून तारीख अलीकडे ओढली होती. देशभर तो लागला जानेवारी १९४७ मध्ये, म्हणजे नाताळ उलटून गेल्यावर. खर्च तीस लाख डॉलरच्या वर गेला होता आणि वितरकाच्या खात्यात पाच लाखांहून अधिक तोटा नोंदला गेला. नामांकनं पाच मिळाली, स्पर्धेतला पुरस्कार एकही नाही. दखल घेतली गेली ती बर्फाची. चित्रीकरण ऐन उन्हाळ्यात झालं होतं. तोवर पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स बर्फ म्हणून वापरत, पण ते पायाखाली इतके वाजत की संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत. इथे आग विझवायचा फेस, साबण आणि पाणी यांचं मिश्रण वापरलं गेलं आणि त्यासाठी तांत्रिक कामगिरीचा मान मिळाला. निर्मितीसंस्था लगेच, १९४७ मध्येच विकली गेली. पुढे १९५५ च्या सुमारास चित्रपटाचे हक्क टीव्हीसाठी जुने चित्रपट घाऊक भावात घेणाऱ्यांकडे गेले आणि तिथून आणखी एका कंपनीकडे.

आता तो अर्ज. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याप्रमाणे कॉपीराइट पहिल्यांदा २८ वर्षांसाठी मिळे. अठ्ठाविसाव्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरला तर पुढची मुदत मिळायची, नाही भरला तर कृती सर्वांसाठी खुली. आपल्याकडच्या १९५७ च्या कायद्यात असा अर्जच नाही. चित्रपटाला आधी ५० आणि १९९२ च्या दुरुस्तीनंतर ६० वर्षांचं संरक्षण आपोआप मिळतं. त्यामुळे एका कागदापायी अख्खा चित्रपट हातचा जावा ही गोष्ट आपल्याला चटकन पटत नाही. पण १९७४ साली तेच झालं. अर्ज गेला नाही.

याला सगळीकडे 'कारकुनी चूक' म्हटलं जातं. हे स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं. कमाई करून देणाऱ्या चित्रपटाची मुदत सहसा कुणी विसरत नाही. हा विसरला गेला कारण घाऊक घेतलेल्या साठ्यातलं ते एक नाव होतं, आणि त्या नावाला १९७४ मध्ये फारशी किंमत नव्हती. किंमत आली ती विसरल्यानंतर.

टीव्ही वाहिन्यांना, विशेषतः लहान गावांतल्या स्थानिक केंद्रांना, डिसेंबरात वेळ भरायला स्वस्त कार्यक्रम हवे असतात. इथे तर १३० मिनिटांचा, नामांकित कलाकारांचा, शेवट नाताळच्या आदल्या रात्रीचा चित्रपट होता आणि त्याचं मानधन शून्य. एकाच शहरात तीन-चार वाहिन्या तो वेगवेगळ्या वेळी दाखवू लागल्या. कुणी जाहिरातींसाठी कापला, कुणी रात्री उशिरा लावला. एकदा चुकला तर दुसरीकडे दिसे. अर्ध्यातून पाहिला तर उरलेला दोन दिवसांनी मिळे. १९४७ मध्ये ज्यांचा जन्मही झाला नव्हता त्या पिढीला तो असा पाठ झाला. लोकांना काय दाखवायचं हे त्या काळात एरवी मोजक्या कचेऱ्यांत ठरे. या एका चित्रपटाच्या बाबतीत ते प्रेक्षकांनी ठरवलं, आणि म्हणूनच ती वीसेक वर्षं मला या इतिहासातली सर्वांत मोलाची वाटतात.

ऐंशीच्या दशकात घरोघरी व्हीसीआर आले आणि याच मोकळिकीतून कॅसेटचा सुकाळ झाला. परवानगी घ्यायचीच नव्हती, त्यामुळे ज्याच्याकडे एखादी प्रिंट होती तो कॅसेट काढू शकत होता. किराणा दुकानातही त्या मिळत. दर्जाचा मात्र काही भरवसा नव्हता. बऱ्याच प्रती टीव्हीसाठी फिरून झिजलेल्या १६ मिलिमीटरच्या प्रिंटवरून काढलेल्या, फीत वाचावी म्हणून संथ गतीने मुद्रित केलेल्या. काळ्याचा राखाडी झालेला, संवादांमागे खरखर, आणि ज्या बर्फाला मान मिळाला होता त्याचं धुकं झालेलं. तरीही हा चित्रपट आपला म्हणून शेल्फवर ठेवायची सवय लावली ती याच प्रतींनी.

रंगाचा वाद इथूनच निघाला. संगणकाने कृष्णधवल चित्रपट रंगवणाऱ्या एका कंपनीने १९८६ मध्ये याची रंगीत आवृत्ती काढली. दिग्दर्शक फ्रँक काप्रा याने त्याविरुद्ध जाहीर भूमिका घेतली आणि नायक जेम्स स्टुअर्ट यानेही काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसमोर, जाऊन निषेध नोंदवला. सहसा न सांगितली जाणारी बाब अशी, की दिग्दर्शकाला दहा मिनिटांचा नमुना सुरुवातीला आवडला होता. २,६०,००० डॉलरच्या खर्चाचा अर्धा वाटा उचलायलाही तो तयार होता. चित्रपट कुणाच्याच मालकीचा नाही हे ध्यानात आल्यावर कंपनीने त्याचे पैसे परत केले आणि रंगांवर त्याचा शब्द चालणार नाही असं सांगितलं. त्याचा विरोध त्यानंतरचा. यामुळे विरोध खोटा ठरत नाही. स्वतःच्या कामावर अधिकार उरला नाही, हीच तर तक्रार होती. 'मुघल-ए-आझम' २००४ मध्ये पूर्ण रंगीत होऊन आला तेव्हा आपल्याकडेही मतं विभागली, पण तिथे मालक निदान ठाऊक होता. या आणि अशा वादांतून अमेरिकेत १९८८ मध्ये चित्रपट जतनाचा कायदा झाला आणि त्याखालच्या राष्ट्रीय यादीत हा चित्रपट १९९० मध्ये दाखल झाला.

मग १९९३. अर्ज न भरणाऱ्या कंपनीनेच, आता नाव बदलून, वाहिन्यांना कळवलं की हा चित्रपट फुकट दाखवता येणार नाही. तिचा युक्तिवाद असा : चित्रपट खुला झाला असेल, पण तो ज्या कथेवर बेतला आहे ती खुली नाही. ही कथा एका लेखकाने कुठे छापून येईना म्हणून १९४३ मध्ये स्वखर्चाने २०० प्रतींत छापली आणि नाताळचं शुभेच्छापत्र म्हणून मित्रांना पाठवली होती. तिचं नूतनीकरण १९७१ मध्ये वेळेवर झालं होतं. शिवाय पार्श्वसंगीताचे हक्कही कंपनीने मिळवले. कथेशिवाय आणि संगीताशिवाय चित्रपट दाखवणार कसा?

या दाव्याचा आधार म्हणून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९० चा निकाल सांगितला जातो. तो खटला हिचकॉकच्या 'रिअर विंडो' या चित्रपटाचा. त्यातला नायकही जेम्स स्टुअर्टच, आणि तो प्रतिवादींपैकी एक होता हा योगायोग सगळे आवर्जून सांगतात. पण तिथला पेच निराळा. मूळ कथेचा लेखक नूतनीकरणाआधीच वारला होता, आणि चित्रपटाचे हक्क पुढेही देऊ हे त्याने दिलेलं वचन पुढच्या मुदतीला लागू होतं का, एवढाच प्रश्न होता. खुद्द 'रिअर विंडो'चा कॉपीराइट शाबूत होता. आपल्या प्रश्नाच्या जवळचा निकाल १९७९ चा आहे, एका अपील न्यायालयाचा, 'पिग्मॅलियन' या १९३८ च्या चित्रपटाबद्दलचा. त्याचंही नूतनीकरण राहून गेलं होतं, मूळ नाटक मात्र संरक्षित होतं. न्यायालयाने म्हटलं की चित्रपट खुला झाल्याने नाटक खुलं होत नाही, म्हणून नाटकाच्या मालकांच्या परवानगीविना चित्रपट वितरित करता येणार नाही. हे तर हुबेहूब 'इट्स अ वंडरफुल लाइफ'चं चित्र आहे.

म्हणजे कायद्याची वाट १९७९ पासूनच दिसत होती. तरी दावा आला १९९३ ला, जेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अशा मालकांना बळ दिलं होतं आणि फुकट प्रक्षेपणांनी चित्रपटाला घराघरांत नेलं होतं. कायदा कंपनीच्या बाजूचा होता असंच मी मानतो. पण चित्रपटाची पत ज्यांनी वाढवली, त्या लहान वाहिन्यांना आणि कॅसेटवाल्यांना तिचा वाटा मिळाला नाही, हेही नोंदवायला हवं. १९९४ पासून अमेरिकेत प्रक्षेपण एकाच राष्ट्रीय वाहिनीकडे गेलं. वर्षातून साधारण दोनदा. स्वस्त कॅसेटही मागे पडल्या. नूतनीकरणाच्या अर्जाची अट तर १९९२ मध्येच निघाली होती, पण १९६४ पासूनच्या कृतींसाठी. जुन्या चुका तशाच राहिल्या.

मालक परत आल्याचा एक फायदा निर्विवाद झाला. कुणाचाच नसलेला चित्रपट दुरुस्त करायला कुणी पैसा घालत नव्हतं. २००७ च्या दोन डिस्कच्या संचात कृष्णधवल आणि नव्याने रंगवलेली अशा दोन्ही आवृत्त्या आल्या, २००९ मध्ये ब्लू-रे आली आणि २०१९ मध्ये फोर-के, म्हणजे अधिक बारीक तपशिलाची प्रत. या शेवटच्या प्रतीसाठी मूळ नायट्रेट नेगेटिव्ह आणि त्या काळातल्या दोन मास्टर प्रिंट वापरल्या गेल्या. पुलावरच्या रात्रीच्या प्रसंगात अंधाराच्या किती छटा आहेत हे कॅसेटवर कधी कळलंच नव्हतं. रंगीत आवृत्तीतही कळत नाही, कारण तिथे अंधारावर रंगाचा थर चढतो. ज्यांनी तो फक्त कॅसेटवर पाहिला आहे त्यांनी ही कृष्णधवल प्रत पाहावीच.

हक्कांचा प्रश्न कथेची मुदत संपेपर्यंत असाच राहील. त्या काळच्या, नूतनीकरण झालेल्या प्रकाशित साहित्याला अमेरिकेत आता ९५ वर्षांचं संरक्षण आहे. मोजणी १९४३ च्या खासगी छपाईपासून धरली तर कथा २०३९ च्या सुरुवातीला खुली होते. ती छपाई 'प्रकाशन' मानली नाही, तर नंतरच्या पुस्तकाच्या आणि मासिकाच्या तारखांप्रमाणे एक-दोन वर्षं पुढे.