‘व्हय म्हाराजा’ आणि ‘तुमी म्हणतास तर…’

सिंधुदुर्गातल्या कुठल्याही देवस्थान कमिटीचं किंवा सोसायटीचं इतिवृत्त उघडा. पानापानावर ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. देवापुढच्या गाऱ्हाण्याला जसा एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ येतो, तसा हा होकार. पण तो दोन तऱ्हांनी येतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे उपाय करताना गफलत होते.

आधी सोपी तऱ्हा. समजा, गावच्या जत्रेची बैठक चाललीय. मुंबईकर मंडळाचा सेक्रेटरी सहज विषय काढतो, “यंदा दशावताराऐवजी ऑर्केस्ट्रा आणूया काय?” त्याला स्वतःला दशावतारच हवाय, पण गावातल्या पोरांना तो जुना झाला असेल अशी त्याची समजूत. पोरांना वाटतं, वर्गणी मुंबईकरांची, हौसही त्यांचीच असणार. म्हातारे म्हणतात, जमाना पोरांचा, आपण कशाला मध्ये पडा? “तुमी म्हणतास तर माका काय हरकत नाय.” सुपारी दिली जाते. जत्रेच्या रात्री बाराच्या आतच निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतात आणि खाज्याच्या दुकानापाशी जो तो सांगू लागतो, “मी तर आधीपासून म्हणत होतो.” आधीपासून कुणीच काही म्हणत नव्हतं, ही त्यातली गंमत.

याला व्यवस्थापनाच्या अभ्यासात ‘अ‍ॅबिलिन पॅराडॉक्स’ म्हणतात. जेरी हार्वी या अमेरिकी प्राध्यापकाने 1974 मध्ये तो मांडला, तोही सासुरवाडीच्या किश्श्यातून. टेक्सासमधलं कोलमन गाव, रणरणती दुपार, घरात डोमिनोचा डाव रंगलेला. सासरे म्हणाले, अ‍ॅबिलिनला जेवायला जाऊया. एसी नसलेल्या गाडीतून, धुळीतून 53 मैल जायचं. सगळे हो म्हणाले. जेवण बेचव होतं. परत आल्यावर एकेकाने कबूल केलं की जायचं कुणालाच नव्हतं. सासऱ्यांनाही नाही, बाकीचे कंटाळले असतील म्हणून ते बोलले होते.

दुसरी तऱ्हा जास्त घातक, आणि ती ओळखायलाही अवघड. तिचं नाव ग्रुपथिंक. इथे माणसं मनात एक आणि ओठांवर एक असं करत नाहीत, निदान बहुतेक जण तरी नाहीत. त्यांना खरोखरच पटलेलं असतं.

समजा, बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीने ठरवलं, स्वतःचा बर्फ कारखाना काढायचा. चेअरमन कर्तबगार. त्यांनी आणलेला डिझेल पंप जोरात चाललाय, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन आहे. संचालक एकाच वाडीतले, नात्यातले. बैठकीत चर्चा होते ती यंत्र कुठल्या कंपनीचं घ्यायचं याची. घ्यायचं की नाही, हा विषयच निघत नाही. शेजारच्या बंदरातला कारखाना तोट्यात गेला, हे कुणीतरी बोलतं. “त्यांना चालवता आला नाही,” असं उत्तर येतं आणि सगळे हसतात. हिशेब ठेवणारा एक जण विचारतो, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा बर्फ घेणार कोण? विजेचा स्थिर आकार तर चालूच राहणार. चेअरमन ऐकून घेतात, रागावत नाहीत. पण चहाच्या वेळी एक संचालक त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाजूला घेतो. “तुझा चुकीचा नाय रे. पण भाऊंनी मनावर घेतल्यानी हा. आता फाटे नको फोडू.” पुढच्या बैठकीत हिशेबवाला गप्प बसतो.

इर्व्हिंग जॅनिस या मानसशास्त्रज्ञाने 1972 मध्ये ग्रुपथिंकवर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याच्यासमोर नेमका असाच एक खांद्यावरचा हात होता. एप्रिल 1961 मध्ये अमेरिकेने सुमारे 1400 क्यूबन निर्वासितांना, तिथली सत्ता उलथवायला, क्यूबाच्या ‘बे ऑफ पिग्ज’ किनाऱ्यावर उतरवलं. तीन दिवसांत सगळं संपलं, हजारावर माणसं कैद झाली. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींचे सल्लागार आर्थर श्लेसिंजर यांचा या बेताला विरोध होता. तो त्यांनी लेखी कळवलाही होता. पण राष्ट्राध्यक्षांचे धाकटे भाऊ रॉबर्ट केनेडी यांनी त्यांना एका पार्टीत बाजूला घेऊन सुनावलं की राष्ट्राध्यक्षांचं ठरलंय, आता ताणू नका. मोठ्या बैठकांत श्लेसिंजर फारसे बोलले नाहीत, आणि त्याची खंत त्यांनी पुढे लिहून ठेवली. बेत फसण्यामागे राजकीय हिशेबही होते, सगळं खापर ग्रुपथिंकवर फोडू नये, असं नंतरच्या काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. ते रास्तच. तरी तो हात विसरता येत नाही.

मग ओळखायचं कसं? माझ्या मते बैठकीत बसून कळत नाही, बैठक सुटल्यावर चपला शोधताना कळतं. पहिल्या तऱ्हेत तिथेच कुरकुर सुरू होते, दोघं-दोघं हळू आवाजात खरं बोलतात. दुसऱ्या तऱ्हेत चपलांपाशीही उत्साहच असतो आणि शंका काढणाऱ्याची टिंगल चाललेली असते. अपयश आल्यावरही फरक दिसतो. ऑर्केस्ट्रा फसला की प्रत्येक जण अंग काढून घेतो. कारखाना फसला की दोष वीज मंडळाचा, पावसाचा, विरोधकांचा. बेत चुकला होता असं सहसा कुणी म्हणत नाही. (व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतलेल्या निर्णयांचं मात्र काही सांगता येत नाही. अंगठा दोन्हीकडे सारखाच दिसतो.)

जत्रेच्या बैठकीत एकाने धीर करून “माका दशावतार होयो” म्हटलं, की पाच मिनिटांत पारडं फिरतं, उलट सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं. नाहीतर चिठ्ठ्या टाका, खरं बाहेर येईल. बर्फ कारखान्याला चिठ्ठ्यांचा उपयोग नाही. चिठ्ठीतही ‘हो’च निघणार. आणि एकट्याने धीर केला, तर तो वाडीत ‘आडवा माणूस’ ठरतो. तिथे बैठकीची रीतच बदलावी लागते. केनेडींनी पुढच्या वर्षी ते केलं. ऑक्टोबर 1962 मध्ये क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडल्यावर जो पेच उभा राहिला, त्यात ते काही बैठकांना मुद्दाम गेले नाहीत, म्हणजे लोक त्यांच्या तोंडाकडे बघून बोलणार नाहीत. सल्लागारांचे गट पाडून त्यांनी वेगवेगळे पर्याय तपासायला लावले. आणि शंका काढत राहायचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांत हेच रॉबर्ट केनेडी होते.

सोसायटीत याचा अर्थ एवढाच, की पहिल्या चर्चेला भाऊंनी येऊ नये, आले तर शेवटी बोलावं. तोट्यात गेलेल्या त्या शेजारच्या कारखान्याच्या मॅनेजरला चहाला बोलवावं आणि त्याची दोन वर्षांची वीजबिलं टेबलावर मांडावीत. हिशेबवाल्याला प्रश्न विचारायचं काम ठरावानेच द्यावं. म्हणजे त्याला चहाच्या वेळी बाजूला घेणाऱ्याला आधी तो ठराव रद्द करून घ्यावा लागेल.