जर्मनीला निघालात? आयब्रो, केस आणि वॅक्सिंगचं कसं करायचं

मॅक्समुल्लर भवनातली जर्मनची परीक्षा झाली, व्हिसाचा शिक्का बसला, की आमच्या पार्लरच्या खुर्चीत बसल्या बसल्या पुढचा प्रश्न ठरलेला: "ताई, तिकडे आयब्रो कुठे करायच्या?" सप्टेंबर आणि मार्च, निघायच्या दोन्ही हंगामांत हेच. सुट्टीला आलेल्या मुली जे सांगतात, त्यातलं कामाचं इथे छापलं आहे. बॅगेत ठेवा.

आधी पैशांचं. मोठ्या शहरात बायकांचा धुऊन, कापून, वाळवून साधा कट ४० ते ७० युरोंना पडतो आणि पहिल्यांदा दरपत्रक वाचताना पोटात गोळा येतो. पण ती लूट नव्हे. तिथली हेअरड्रेसर तीन वर्षं उमेदवारी करून परीक्षा दिलेली असते, स्वतःचं सलून चालवायला बहुतेक वेळा त्यावरची 'माइस्टर'ची पदवी लागते, २०२६ पासून ताशी किमान वेतन १३.९० युरो आहे आणि बिलात १९ टक्के कर धरलेला असतो. थोडक्यात, तुम्ही माणसाच्या वेळेचे पैसे मोजता. तिचा वेळ जितका कमी घ्याल, तितकं बिल खाली येतं. खालचं सगळं याच हिशेबावर आहे.

आयब्रो आणि अपरलिप

'इंडियन पार्लर' शोधत बसू नका. ते दोन ट्राम बदलून जावं लागेल इतकं लांब असतं, आणि त्याची गरजही नसते. धाग्याने केस काढणं इराणी, अरब आणि तुर्की बायकांना आपल्याइतकंच जुनं. १९६१च्या करारानंतर तुर्की कामगार जर्मनीत गेले, कुटुंबं वसली, सलून निघाली. बर्लिनमध्ये नॉयकोल्नची झोनेनअले, हॅम्बुर्गमध्ये श्टाइनडाम, कोलोनमध्ये कॉइपश्ट्रासे, म्युनिकमध्ये मुख्य स्टेशनच्या दक्षिणेकडच्या गल्ल्या, अशा भागांत चक्कर मारली की काचेवर 'फाडनटेश्निक' लिहिलेलं दिसेल. तेच आपलं थ्रेडिंग. नुसतं 'त्सुप्फन' लिहिलं असेल तर चिमटा. आयब्रोचे साधारण ८ ते १५ युरो.

एक सावधगिरी. तिकडे बरेचदा आयब्रो बारीक, टोकदार आणि वर उचललेल्या करतात. खुर्चीत बसण्याआधी मोबाइलमधला तुमचा नेहमीच्या आकाराचा फोटो दाखवा. निघण्यापूर्वी आमच्याकडे आयब्रो झाल्या की आम्ही समोरून एक फोटो काढून देतो, तो त्यासाठीच.

केस

दरपत्रकात आकड्याआधी 'आब' लिहिलेलं असेल, तर तो आकडा सुरुवातीचा आहे. कमरेपर्यंतचे केस घेऊन गेलात की तो चढणारच, तेव्हा कात्री लागण्याआधी अंतिम रक्कम विचारून घ्या. त्यात तिकडे कुणाला काही वाटत नाही. नुसती टोकं कापायची असतील तर 'श्पिट्सन श्नायडन' म्हणा, आणि केस घरून धुऊन जा. न धुता कापतात त्याला 'ट्रॉकनहारश्निट' म्हणतात, तो स्वस्त. काही ठिकाणी ड्रायर हातात देऊन तुमचे तुम्हालाच वाळवायला सांगतात, तोही दर वेगळा. विद्यार्थी ओळखपत्र दाखवून पाहा, आठवड्याच्या मधल्या दिवशी सवलत मिळू शकते.

त्याहून स्वस्त हवं असेल, तर शिकाऊ मुलींना सरावासाठी डोकी लागतात. 'मोडेले गेझूख्ट' अशी पाटी किंवा जाहिरात दिसली की नाव द्या. शेजारी शिकवणारी व्यक्ती उभी असते, पैसे अगदी थोडे, पण अर्धी दुपार जाते. परीक्षेच्या आठवड्यात जाऊ नका.

बरीच सलून सोमवारी बंद असतात. छोट्या दुकानांत फक्त रोख चालते. टीप ५ ते १० टक्के, किंवा नुसता वरचा पूर्ण आकडा.

रंगाचं मात्र ऐका. इथून 'काळी मेहंदी'ची पाकिटं नेणार असाल, तर मागचा मजकूर वाचा. त्यात बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं, ज्याची काहींना जबर ॲलर्जी येते. आधी कानामागे थोडं लावून ४८ तास थांबा. हातावर तर ती कधीच काढू नका.

आणि केस गळायला लागले म्हणून घाबरून फोन करू नका. खडकवासल्याच्या पाण्याची सवय झालेल्या केसांना बर्लिन-म्युनिकचं जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी लागलं की ते राठ होतात आणि तुटतात. कंडिशनर वाढवा, महिन्यातून एक-दोनदा क्षार काढणारा शॅम्पू वापरा. मुळापासून झुपके येत असतील तर मात्र डॉक्टर गाठा.

वॅक्सिंग

हातपाय घरीच करा, हे आमचं स्पष्ट मत. पूर्ण पायांचे तिकडे जे पैसे जातात, त्यात आठवड्याचा किराणा येतो. 'डीएम' आणि 'रोसमान' या दुकानांत वॅक्सच्या पट्ट्या मिळतात, अरबी दुकानांत साखर-लिंबाची 'हलावा' मिळते. ती आपल्या घरगुती वॅक्सची सख्खी बहीण. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, किंवा बंद करून सहा महिने झाले नसतील, तर वॅक्स अजिबात नको, कातडी निघते.

घरच्या घरी धंदा?

हात चांगला आहे म्हणून वसतिगृहात मैत्रिणींच्या आयब्रो पैसे घेऊन करू, असं काही जणी म्हणतात. विद्यार्थी परवान्यावर स्वतंत्र व्यवसायाला परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. चहाच्या बदल्यात करा, पैसे घेऊ नका.

निघण्याआधी आमच्याकडे

प्रवासाच्या आठ-दहा दिवस आधी या, शेवटच्या संध्याकाळी नको. वाढत गेला तरी बिघडणार नाही असा एका लांबीचा कट किंवा हलका यू कट देऊ. लेयर्स आणि फ्लिक्स सारख्या सावराव्या लागतात, म्हणून आम्ही त्यांना नाही म्हणतो. अपरलिप स्वतःची स्वतः धाग्याने कशी करायची आणि पट्टी कोणत्या दिशेने ओढायची, हे त्याच भेटीत शिकवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. धाग्याचं एक रीळ आमच्याकडून न्या. कात्री आणि चिमटा चेक-इन बॅगेत टाका. ड्रायर इथलाच चालतो, व्होल्टेज सारखंच आहे, पण आपली तीन पिनांची प्लग तिकडच्या सॉकेटमध्ये बसत नाही, तेव्हा ॲडॉप्टर घ्या.

रविवारी दुपारी गर्दी कमी असते. फोन करून वेळ घ्या.