निकाल लागला, तरी जीव थाऱ्यावर का येत नाही?

देशाला उभं चिरणारी एखादी निवडणूक होते, निकाल लागतो, आणि हरलेल्या बाजूच्या मतदाराला दुसऱ्याच दिवसापासून एक सल्ला ऐकावा लागतो : "झालं ते झालं, आता सोडून दे ना." सल्ला देणारा बहुधा जिंकलेल्या बाजूचा असतो, ते असो. त्यामागची समजूत अशी, की राजकारणाचा मनस्ताप माणूस हौसेने ओढवून घेतो. झोप उडणं, छातीत धडधडणं, बातम्या नकोशा वाटणं आणि तरी थोड्या वेळाने पुन्हा त्याच उघडून बसणं, या सगळ्यावर मग 'कमकुवत मन' असा शिक्का बसतो. शरीरशास्त्राला ही समजूत मान्य नाही, आणि त्याचा पुरावा चक्क मतदारांच्या थुंकीत सापडलेला आहे.

४ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अमेरिकेत बराक ओबामा आणि जॉन मॅक्केन यांच्यातल्या लढतीचा निकाल जाहीर होत होता. त्या वेळी मिशिगन आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन ठिकाणी संशोधकांनी १८३ मतदारांच्या लाळेचे नमुने घेतले, काही निकालाआधी आणि काही नंतर. मोजायचं होतं मुख्यतः कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक (हार्मोन). रक्ताऐवजी लाळ घेण्याला कारण आहे. रक्तातलं नव्वद टक्क्यांहून जास्त कॉर्टिसॉल प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि त्या अवस्थेत ते निष्क्रिय असतं. लाळेत उतरतं ते मोकळं, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं कॉर्टिसॉल. शिवाय सुई टोचण्याचाच ताण मोजला जाण्याची भीती नाही. दोनपैकी एका ठिकाणी मॅक्केनच्या मतदारांचं कॉर्टिसॉल निकालानंतर चढलं, ओबामांच्या मतदारांचं होतं तिथेच राहिलं. पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनचा निकाल तर आणखी मजेशीर होता. हे संप्रेरक रात्री आपोआप उतरतं. जिंकलेल्या बाजूच्या पुरुषांत ते उतरलंच नाही, हरलेल्या बाजूच्या पुरुषांत मात्र घसरलं. स्त्रियांत असा फरक दिसला नाही. यांतल्या कुणीही स्वतः निवडणूक लढवलेली नव्हती, एक मत तेवढं दिलं होतं.

हृदयाचीही नोंद आहे. २०१६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीनंतरच्या दोन दिवसांत, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्यसेवेच्या सदस्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या कारणांनी रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण आदल्या आठवड्यातल्या त्याच दोन दिवसांच्या १.६२ पट झालं. मथळ्याला हा आकडा फार सोयीचा आहे, म्हणून त्याचा हिशोब उलगडून ठेवतो. मूळ दर वर्षाला एक लाख माणसांमागे सुमारे ३५४ वरून ५७३ वर गेला. दोन दिवसांपुरतं भागून पाहिलं तर एक लाखात सुमारे दोनच्या जागी तीन माणसं. परिणाम खरा आहे, पण 'निवडणुकीने हार्ट अटॅक येतो' असं वाचून हादरून जावं एवढा तो नाही. ज्यांचं हृदय आधीच अधू आहे, त्यांनी मात्र तो आकडा लक्षात ठेवावा.

आता एक कोडं. निकालापूर्वी जीव टांगणीला लागतो हे समजू शकतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ जणांना संगणकावर दगड दाखवायचे आणि खाली साप आहे की नाही ते ओळखायला सांगायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका, दुखेल इतपत. कोणत्या दगडाखाली साप असण्याची शक्यता किती, हे प्रयोगभर बदलत राहायचं. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून ताण मोजला, तर झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना तो सर्वांत जास्त नव्हता. सर्वांत जास्त होता तो पन्नास-पन्नास टक्क्यांना. गणितातही अनिश्चिततेचं टोक तिथेच येतं. शक्यता आणि उरलेली शक्यता यांचा गुणाकार करून पाहा : ०.५ गुणिले ०.५ म्हणजे ०.२५, पण ०.९ गुणिले ०.१ म्हणजे फक्त ०.०९. अटीतटीची निवडणूक नेमकी या टोकावर उभी असते. २०२० मध्ये अमेरिकेत मतदान ३ नोव्हेंबरला संपलं आणि विजेत्याचं नाव वृत्तसंस्थांनी ७ तारखेला जाहीर केलं. ते चार दिवस दोन्ही बाजूंना सारखेच जड गेले असणार.

पण निकाल लागला की ही अनिश्चितता संपते. वाईट का होईना, उत्तर हातात येतं. मग ताण उतरायला हवा. तो उतरत का नाही?

तणाव सुरू कसा होतो हे सगळेच सांगतात. तो थांबतो कसा, हे फारसं कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते खरी करामत तिथे आहे.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा इवलासा भाग असतो. धोक्याची खबर मिळाली की तो सीआरएच नावाचं संप्रेरक सोडतो. ही ४१ अमिनो आम्लांची साखळी आहे. तिचा शोध इतका अवघड होता, की वायली व्हेल यांच्या गटाला मेंढ्यांच्या मेंदूंचा ढीग उपसून १९८१ मध्ये ती हाती लागली. अवघड, कारण ती फार थोडी तयार होते आणि तिला लांब जायचंच नसतं. खाली लोंबणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीपर्यंत काही मिलिमीटरच्या खास रक्तवाहिन्या आहेत, तेवढाच प्रवास. पिट्युटरी मग एसीटीएच हे दुसरं संप्रेरक सोडते. ते मात्र सगळ्या शरीरात फिरतं आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत पोचतं. त्यांच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल बाहेर पडतं.

हे सगळं सावकाश चालतं. निकाल पडद्यावर झळकल्याबरोबर छातीत धस्स होतं ते ॲड्रेनलिनमुळे, ते सेकंदांचं काम. कॉर्टिसॉल शिखराला पोचायला वीस ते तीस मिनिटं लागतात. ते रक्तातली साखर वाढवतं, ऊर्जा स्नायूंकडे वळवतं आणि लगेच न लागणारी कामं मागे टाकतं. आणि मग ते एक फार सुंदर गोष्ट करतं. रक्तातून परत मेंदूत शिरतं आणि ज्यांनी त्याला बोलावलं त्या हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीलाच 'पुरे' म्हणून सांगतं. सीआरएच थांबतं, एसीटीएच थांबतं, पाठोपाठ कॉर्टिसॉलही. पाणी तापलं की गीझर आपोआप बंद होतो तसंच हे. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात.

इथून पुढे जरा किचकट आहे, पण सोडवत नाही. मेंदूत कॉर्टिसॉलला पकडणारे ग्राही दोन प्रकारचे आहेत, एमआर आणि जीआर. एमआरची पकड जीआरच्या सुमारे दहापट घट्ट. त्यामुळे साध्या दिवशीसुद्धा एमआर बहुतेक भरलेलेच असतात आणि पातळी वाढल्याची खबर त्यांच्याकडून फारशी मिळत नाही. पातळी खरोखर चढली की जीआर भरू लागतात आणि ब्रेक मुख्यतः तेच दाबतात. कॉर्टिसॉल धरलेला जीआर पेशीच्या केंद्रकात जातो आणि काही जनुकं चालू, काही बंद करतो. चालू होणाऱ्यांपैकी एक आहे एफकेबीपी५. त्यापासून बनणारं प्रथिन जीआरलाच जाऊन बिलगतं आणि त्याची कॉर्टिसॉलवरची पकड सैल करतं. म्हणजे ब्रेक दाबला की ब्रेक सैल करणाऱ्या यंत्रणेलाही हुकूम सुटतो. काही माणसांत या जनुकाचा असा प्रकार असतो, की हे प्रथिन जरा जास्तच बनतं, आणि त्यांची पातळी ताणानंतर पूर्वपदावर यायला वेळ घेते. एकाच खोलीत एकच निकाल पाहिलेल्या दोन माणसांतला एक तासाभरात शांत होतो आणि दुसरा मध्यरात्रीपर्यंत येरझाऱ्या घालतो, याची बरीच कारणं असतात. हे त्यांतलं एक असू शकतं.

या यंत्रणेचा ब्रेक कॉर्टिसॉल मोजतो. धोका टळला की नाही, हे तो पाहत नाही. धोक्याची खबर देणारे मेंदूचे भाग वेगळे, आणि त्यांना समोर वाघच लागतो असं नाही. एक विचार पुरतो, एक मथळा पुरतो. रक्तातलं कॉर्टिसॉल निम्मं व्हायला एक ते दीड तास लागतो. सोयीसाठी एक तास धरू. एकच धक्का बसला तर तासाने निम्मं, दोन तासांनी पाव, तीन तासांनी एक अष्टमांश. पण दर तासाला तेवढाच नवा धक्का मिळाला तर? एक अधिक अर्धा अधिक पाव अधिक एक अष्टमांश, ही शाळेतली भूमिती श्रेढी. बेरीज दोनकडे जाते. पातळी एका धक्क्याच्या दुप्पट उंचीवर जाऊन तिथेच घुटमळते.

प्रत्यक्षात शरीर इतकं भोळं नाही. त्याच त्या धक्क्याला ते सरावतं. १९९५ च्या एका प्रयोगात २० पुरुषांना पाच दिवस तोच ताण दिला : परीक्षकांसमोर भाषण, मग तोंडी गणितं. १३ जणांचं कॉर्टिसॉल दुसऱ्या दिवसापासूनच फारसं चढेना. उरलेल्या ७ जणांचं मात्र रोज नव्याने चढत राहिलं. सराव होण्यासाठी धक्का तोच असावा लागतो, आणि निवडणुकीनंतरचे धक्के रोज नवे असतात : मंत्रिमंडळ, नवा वटहुकूम, कुणाचं तरी वक्तव्य, नातेवाइकाचा टोमणा. दगडाखालच्या सापाचं उत्तर मिळालं, पण त्या उत्तराने आणखी शंभर दगड पुढ्यात मांडले. आता काय होईल, कुणाचं काय होईल, कधी होईल? अनिश्चितता संपलेली नसते, तिची वाटणी झालेली असते.

त्यात पराभवाचा स्वभाव. सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ मध्ये प्रयोगशाळेतल्या ताणाचे २०८ अभ्यास एकत्र करून पाहिले. कॉर्टिसॉल सर्वांत जास्त चढवणारी जोडी निघाली ती अशी : परिस्थिती आपल्या हातात नाही, आणि चारचौघांत आपली पारख होते आहे. हरलेल्या मतदाराच्या वाट्याला दोन्ही येतात. पुढच्या निवडणुकीपर्यंत हाती काही नसतं, आणि 'लोकांनी तुम्हाला नाकारलं' हे रोज ऐकावं लागतं. ताण धोक्यापेक्षा बातम्यांतूनही जास्त येऊ शकतो, याचा धडा निवडणुकीबाहेरचा आहे. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटानंतरच्या आठवड्यात जे लोक रोज सहा किंवा जास्त तास त्याच्या बातम्या पाहत होते, त्यांच्यात तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. अर्थात, मुळात घाबरलेला माणूसच जास्त बातम्या पाहतो, हेही खरं असू शकतं. हा गुंता त्या अभ्यासाने पूर्ण सोडवलेला नाही.

या काळात दोन धंदे तेजीत असतात. एक ज्योतिषाचा. तो माहिती देत नाही, अनिश्चितता संपल्याचा भास देतो, आणि पन्नास-पन्नासच्या टोकावर बसलेल्या जिवाला तेवढंही औषध वाटतं. भाकीत चुकलं तर ग्रहांनी ऐन वेळी दिशा बदललेली असते. दुसरा धंदा 'कॉर्टिसॉल उतरवणाऱ्या' पुड्या आणि पेयांचा, जोडीला 'ॲड्रिनल थकल्या आहेत' हे निदान. ॲड्रिनल ग्रंथी निकामी होण्याचा खरा आजार आहे, त्याला ॲडिसनचा आजार म्हणतात आणि तो गंभीर असतो. ताणाने 'थकलेल्या' ग्रंथींचा आजार मात्र अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांना सापडलेला नाही. २०१६ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या एका निबंधाने तर शीर्षकातच तो अस्तित्वात नसल्याचं म्हटलं. कॉर्टिसॉल हे विष नव्हे. ते रोज पहाटे चढतं म्हणून आपण अंथरुणातून उठतो.

हरलेल्यांसाठी थोडी बरी बातमीही आहे. १९९४ मध्ये टेक्सासच्या गव्हर्नरपदासाठी जॉर्ज डब्ल्यू. बुश आणि ॲन रिचर्ड्स यांच्यात लढत झाली. डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी मतदारांना मतदानाच्या दिवशीच विचारलं, की तुमचा उमेदवार हरला तर महिन्याभराने किती दुःखी असाल. रिचर्ड्स यांच्या मतदारांनी बरंच दुःख वर्तवलं. महिन्याने पाहिलं तर ते निवडणुकीपूर्वी होते तितकेच आनंदी होते. पराभव पचवण्याची आपली ताकद आपण हिशोबात धरतच नाही, असा त्यांचा निष्कर्ष. मात्र ती राज्याची निवडणूक होती आणि खिशात बातम्यांचा पडदा घेऊन फिरायचा तो काळ नव्हता. शिवाय सरासरीने सुखी असणं आणि ज्याच्या नोकरीवर किंवा नागरिकत्वावर निकालाचा थेट घाव पडतो त्याची चिंता, या एका मापाने मोजायच्या गोष्टी नाहीत.

बातम्या ठरावीक वेळीच पाहा, लक्ष दुसरीकडे वळवा, घटनेकडे वेगळ्या नजरेने बघा, हे उपाय काम करतात का? ब्रेट फोर्ड आणि मॅथ्यू फाइनबर्ग यांच्या गटाने लोकांना रोजच्या राजकीय अनुभवांच्या नोंदी ठेवायला लावून हे तपासलं आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध केलं. उपाय करणाऱ्यांना खरंच बरं वाटत होतं. पण ज्या दिवशी मन जास्त शांत, त्या दिवशी राजकीय कामात भाग घेण्याची, म्हणजे वर्गणी देण्याची, मोर्चात जाण्याची किंवा प्रतिनिधीला पत्र लिहिण्याची इच्छाही कमी भरत होती. "सोडून दे ना" म्हणणाऱ्या विजयी मित्राला हे ठाऊक असतं की नाही, कुणास ठाऊक.