55020 : एका एकडबी डिझेल गाडीची पार्श्वभूमी

ग्लासगोजवळच्या लिनवुड येथे 1960 मध्ये बांधलेल्या सोळा एकडबी डिझेल गाड्यांपैकी 55020 ही एक. दोन्ही टोकांना चालकाची केबिन असल्यामुळे शेवटच्या स्थानकावर इंजिन सोडवून दुसऱ्या बाजूला जोडण्याची यातायात उरली नाही. ‘बबल कार’ हे तिचे लाडके नाव. ब्रिटिश लिखाणात तिला ‘पहिल्या पिढीची’ म्हणतात ते मात्र तितकेसे खरे नाही, कारण इंग्लंडच्या पश्चिम भागात 1933 पासूनच डिझेल रेलकार धावत होत्या. आपल्याकडच्या डेमूत (डिझेल-विद्युत लोकलगाडीत) डिझेलवर आधी वीज तयार होते. इथे डब्याखालच्या 150 अश्वशक्तीच्या दोन इंजिनांची ताकद गिअरमधून थेट चाकांना मिळे. गिअर बदलताना इंजिनाचा आवाज क्षणभर खाली बसे आणि पुन्हा चढे. चालकामागे काच असल्याने पुढच्या बाकावरून समोरचा रूळ दिसे.

ज्या फाट्यांसाठी, म्हणजे मुख्य मार्गातून फुटणाऱ्या छोट्या रेल्वेमार्गांसाठी, या गाड्या आणल्या, त्यांतले अनेक तोट्यातले मार्ग बंद करण्याची शिफारस करणाऱ्या 1963 च्या अहवालानंतर बंद झाले. इंग्लंडमधल्या सेंट आइव्ह्ज, लू, ग्रीनफर्ड अशा उरलेल्या फाट्यांवर त्या पुढे बरीच वर्षे धावल्या. प्रवासी सेवा संपल्यावर अनेकींच्या वाट्याला पानगळीत निसरड्या होणाऱ्या रुळांवर वाळूमिश्रित लेप सोडण्याचे किंवा चालकांना नवा मार्ग दाखवण्याचे काम आले. रेल्वेच्या अशा अंतर्गत कामाच्या गाड्यांच्या नोंदीत 55020 चा क्रमांक 977722 झाला.

खरा वाद 2003 चा आहे. इंग्लंडमधल्या आयल्सबरी ते प्रिन्सेस रिसबरो या जेमतेम बारा किलोमीटरच्या फाट्यावर त्रेचाळीस वर्षांची ही गाडी 121020 या नव्या क्रमांकाने पुन्हा प्रवाशांसाठी लावण्यात आली. हौशी मंडळींनी तिला ‘वारसा गाडी’ म्हणून डोक्यावर घेतले; हा शब्द सोयीचा असला तरी दिशाभूल करणारा आहे. वारसा गाडी सुट्टीच्या दिवशी हौसेने चालवतात. ही कामाच्या दिवशी नोकरदारांना नेत होती. तिच्यामुळे फाट्यावर अडकून पडणारी दोन डब्यांची गाडी लंडनच्या गर्दीसाठी मोकळी झाली, म्हणजे मुळात हा हिशेबाचा निर्णय होता. हाताने उघडायच्या, मध्यवर्ती कुलूप नसलेल्या दरवाजांच्या डब्यांवर 2005 पासून बंदी येणार होती, तेव्हा तिला तसे कुलूप बसवावे लागले. एवढा खर्च जुन्या सांगाड्यावर का, हा टीकाकारांचा प्रश्न गैर नव्हता. पण एका डब्यापुरत्या प्रवाशांसाठी नवी गाडी कोणी बांधतच नव्हते, हेही तितकेच खरे. वेल्समधल्या कार्डिफ बे फाट्यावर 2006 मध्ये तिच्याच जातीची एक गाडी लावली गेली, यावरून ही अडचण एकट्या आयल्सबरीची नव्हती हे दिसते.

आयल्सबरी फाट्यावर पुढे तिच्या जोडीला हिरव्या रंगातली 121034 आली. मे 2017 मध्ये दोघीही सेवेतून उतरल्या आणि फाट्यावर पुन्हा दोन डब्यांच्या गाड्या धावू लागल्या.