नेरूळ म्हणणारा कान

ठाण्यात नव्याने राहायला आलेला माणूस ‘थाने’ म्हणतो, कळव्याला ‘कलवा’ आणि रबाळ्याला ‘रबाले’. आपण चूक दाखवतो, तो मनापासून प्रयत्न करतो, आणि तोंडून पुन्हा ‘कलवा’च निघतं. याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे.

ल म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकतं. ळ म्हणताना तेच टोक मागे वळून टाळूला लागतं आणि झटक्यात पुढे येतं. प्रमाण हिंदीत हा ध्वनी नाही, इंग्रजीतही नाही. शिवाय रोमन पाटीवर ल आणि ळ दोघांनाही एकच ‘एल’.

पण खरी अडचण जिभेच्याही आधी, कानात असते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. १० ते १२ महिन्यांच्या फारच थोड्यांना. म्हणजे पहिला वाढदिवस येईपर्यंत घरात ऐकू न येणारे भेद कान बाजूला टाकू लागतो. मोठेपणी ते शिकता येतात, पण कष्टाने.

‘थाने’ मात्र ठाण्याला परका नाही. मध्ययुगात कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहारांच्या ताम्रपटांत या गावाचं नाव ‘श्रीस्थानक’ आहे. प्राकृतात ‘स्थान’चं ‘ठाण’ झालं: स्थ चा ठ, न चा ण. त्याच ‘स्थान’पासून हिंदीत ‘थाना’ आला. आपलं पोलीस ठाणं आणि त्यांचा थाना ही सख्खी भावंडं. (आणि ‘ठाणे स्थानक’ म्हणताना आपण एकच शब्द दोनदा उच्चारतो, हे मला फार आवडतं.)

नवी मुंबई वसण्याच्या कितीतरी आधीपासून इथे राहणाऱ्या आगरी-कोळी घरांत ‘वेगळा’चा ‘येगला’ होतो आणि ‘पाणी’चं ‘पानी’. त्यांच्या बोलीत ळ च्या जागी ल आणि ण च्या जागी न येतो, तोही पिढ्यान्‌पिढ्या, नियमाने. त्यामुळे लोकलमध्ये कुणी नवी मुंबईतल्या नेरूळला ‘नेरुल’ म्हटलं की तो बाहेरचा, असं ठरवून टाकू नये. बोलणारी एखादी आजी असेल, तर इथे स्टेशनही नव्हतं तेव्हापासून तिच्या घरात हाच उच्चार असू शकतो.